एका चुंबकाचं मीटर

साडू हे नातं देवाने कशासाठी निर्माण केलं, हे लग्नाला वीस वर्षं होऊनही मला कळलेलं नाही. तो रक्ताचा नसतो, मित्र नसतो, शेजारीही नसतो. तरी आपली प्रत्येक गोष्ट त्याच्या गोष्टीशेजारी ठेवून बघितली जाते. माझे साडू विलासराव ठाण्याला बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत. मी शहापूरच्या कॉलेजात प्रयोगशाळा साहाय्यक आहे. ते थोरले जावई, मी धाकटा. त्यांना चष्मा नाही, पोट नाही आणि टक्कलही नाही. माझ्याकडे हे सगळं आहे.

सायकलचंच घ्या. सायकल मी आधी सुरू केली. डॉक्टरांनी माझी साखर बघून डोळे वटारले, तेव्हा मी गिअर असलेली एक सायकल घेतली आणि रोज सकाळी तानसा धरणाच्या रस्त्याने जाऊन यायला लागलो. दिवाळीत हे विलासरावांना मोठ्या हौसेने सांगितलं, इथेच चुकलं. पंधरवड्यात त्यांच्याकडे माझ्याहून हलकी आणि माझ्याहून कितीतरी महाग सायकल आली. तिच्या हँडलवर तळहाताएवढं एक यंत्र आलं. ते म्हणे उपग्रहाशी बोलायचं. नकाशा दाखवायचं, चढ मोजायचं, छातीचे ठोकेसुद्धा मोजायचं. मग दर रविवारी फॅमिली ग्रुपवर त्या यंत्राचा फोटो पडायला लागला: येऊरचा चढ, इतके किलोमीटर, इतका सरासरी वेग. खाली सासूबाईंचे जोडलेले हात, मेहुण्याचे फटाके आणि माझ्या बायकोचे, हो, माझ्याच बायकोचे, तीन अंगठे.

मी एकदा लिहिलं, ‘मीही आज तानसापर्यंत जाऊन आलो.’ संध्याकाळपर्यंत कुणी काही बोललं नाही. मग सासूबाईंनी विचारलं, ‘जेवलात का?’

“तुम्ही आकडा टाकत नाही ना,” रंजना म्हणाली. रंजना म्हणजे माझी बायको. “भाऊजी आकडा टाकतात. आकडा असला की लोकांना बोलायला काहीतरी सापडतं.”

यंदा अधिक महिना आला. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात, आणि या महिन्यात जावयाला सासुरवाडीला बोलावून धोंडे खाऊ घालायचे असतात. धोंडे म्हणजे दगड नव्हेत. कणकेत पुरण भरून उकडलेले गोळे, त्यावर तुपाची धार. आमची सासुरवाडी मुरबाडच्या पुढे, म्हसा सोडून सिद्धगडाच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. दोन्ही जावयांना एकाच दिवशीचं आमंत्रण आलं. विलासरावांनी लगेच ग्रुपवर लिहिलं, ‘मी आणि प्रमोद शहापूरहून सायकलने येतो.’ मला विचारलंही नव्हतं. तोवर फटाके, जोडलेले हात, अंगठे सगळं येऊन गेलं होतं, आणि मी नाही म्हणू शकलो नाही. मात्र त्याच क्षणी ठरवलं की या खेपेला माझ्याकडेही आकडा असेल.

शहापूर, बाजारपेठ

आमच्या बाजारात गुरुनाथशेठचं सायकलचं दुकान आहे. लहान मुलांच्या सायकली बाहेर टांगलेल्या, आत ट्यूब-टायरचा वास, आणि काचेच्या कपाटात अलीकडे आलेलं शौकिनांचं सामान.

“काय पाहिजे सर?” शेठनी विचारलं.

“सायकलचा कॉम्प्युटर.”

“कसला पाहिजे?”

‘साडूपेक्षा चांगला,’ हे खरं उत्तर पार ओठांपर्यंत आलं होतं. “चांगलासा,” मी म्हणालो.

त्यांनी कपाटातून तीन खोकी काढली. माझा हात आपोआप नकाशावाल्या खोक्याकडे गेला.

“रोज कुठवर जाता तुमी?” शेठनी विचारलं.

“तानसापर्यंत.”

“रस्ता माहीत हाय ना?”

“जन्म गेला माझा इथे.”

“मग नकाशा कशाला? तो रोज तुमाला तानसाच दाखवणार.” त्यांनी ते खोकं उचलून मागे ठेवलं. गिऱ्हाइकाला महाग वस्तू देऊ नये असा विचार करणारा दुकानदार नेमका माझ्याच नशिबी. “आता हा बगा, बिनवायरचा. दिसायला झकास. पण ह्याला सेल दोन. वरच्या डबीला एक, चाकाजवळच्या डबीला एक. आनि विजेच्या मोठ्या तारांखालून गेलात की कधी कधी भलतंच काय तरी दाखवतो. आपल्याकडं तारा किती हायत, तुमी बगताच. एक गिऱ्हाईक आलता, बोलला, शेठ, मी झाडाखाली उभा हाय नि मीटर बोलतो मी पळतोय.”

राहिलं वायरचं. त्याचे आकडे मोठे होते, मला चष्म्याच्या वरूनही दिसतील असे. बटण एकच. वेग, आजचं अंतर, एकूण अंतर, सरासरी आणि घड्याळ. शेठ म्हणाले, “घामाच्या बोटांनी चार बटणं कोण दाबत बसणार? हा घ्या, पावसातपण चालतो.” मी दोनदा नकाशावाल्याकडे बघितलं आणि वायरचं घेतलं.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुढच्या चाकाच्या एका स्पोकवर बोराएवढं चुंबक बसवतात. त्याच्यासमोर, चाक धरणाऱ्या चिमट्यावर, एक डबी असते. चुंबक डबीसमोरून गेलं की यंत्राला कळतं, एक फेरा झाला. चाकाचा घेर त्याला आधीच सांगून ठेवायचा. फेरे गुणिले घेर, की झालं अंतर. अकरावीच्या मुलांना मी यापेक्षा अवघड प्रयोग मांडून देतो.

घेर मोजायला शेठनी शेजारच्या टेलरकडून टेप आणली, टायरवर आणि खाली फरशीवर खडूची खूण केली आणि मला सायकलवर बसवलं. माणूस बसला की टायर दबतं आणि घेर जरासा कमी होतो, म्हणून वजनासकट मोजायचं. भर बाजारात मी सायकलवर बसलेलो, शेठ हँडल धरून मला बरोबर एक फेरा पुढे नेतायत, आणि समोरच्या रसवंतीत माझ्याच कॉलेजच्या दोन मुली हसतायत. मी गंभीर चेहरा करून बसून राहिलो.

संध्याकाळी विलासराव आणि ज्योत्स्नाताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, गाडीला मागे सायकल बांधून आमच्याकडे मुक्कामाला आले. आल्या आल्या विलासरावांची नजर माझ्या हँडलवर गेली.

“अरे वा! बेसिक घेतलंस?” ते म्हणाले. “बरं केलंस. शेवटी उपयोग महत्त्वाचा.”

त्या ‘बेसिक’वर माझं रात्रीचं जेवण गेलं.

किन्हवलीच्या पुढे

उन्हं चढायच्या आत निघालो. ज्योत्स्नाताई आणि रंजना गाडीने मागून येणार होत्या. ज्योत्स्नाताईंना गाडीही चालवता येते, हे इथे नोंदवून ठेवतो.

किन्हवलीकडे जाणारा तो रस्ता मे महिन्याच्या अखेरीस बघावा. दोन्ही बाजूंना भाताची शेतं कोरडीठाक, मधे मधे भाताच्या रोपांसाठी राब भाजून काळे केलेले चौकोन, बांधावर रायवळ आंब्यांची झाडं आणि त्यांच्याखाली आंबे वेचणारी माणसं. साग अगदी उघडा पडलेला. वीटभट्ट्यांवरची माणसं आवराआवर करून आपापल्या वाड्यांवर परतायला लागली होती. एका टेम्पोत भांडी, कोंबड्या आणि म्हाताऱ्या अशी तिन्ही चालली होती. मी हे सगळं आनंदाने बघितलं असतं. पण मी मीटर बघत होतो. अठरा. एकोणीस. विलासराव पुढे गेले की वीस.

“हार्ट रेट एकशे अठरा,” ते मागे वळून म्हणाले. “छान झोनमध्ये आहे मी.”

माझ्या मीटरला छाती नव्हती. मी पायडल मारत राहिलो.

किन्हवली सोडल्यावर त्यांच्या यंत्राने एक जवळचा रस्ता दाखवला. “काळू नदीच्या बाजूने निघू, अंतर वाचेल,” ते म्हणाले. मला ठाऊक होतं की तिकडे धड रस्ता नाही. तरीही मी अवाक्षर बोललो नाही. यंत्र चुकावं, अशी मनापासून इच्छा होती माझी. डांबर संपलं, मग खडी संपली, मग गाडीवाट संपली आणि आम्ही एका घराच्या अंगणात जाऊन थांबलो. पुढे कुंपण, कुंपणापलीकडे नदी. मी आतल्या आत टाळ्या वाजवत होतो.

घरातून एक बाई बाहेर आल्या. “कुटं चाललाव?”

“मुरबाडला,” विलासराव हसून म्हणाले. ते चुकतात तेव्हाही हसून चुकतात.

“ह्यो रस्ता नदीत जातो. बसा, पाणी पिऊन जा.” त्यांनी खाट टाकली. मग त्यांना हँडलवरचं यंत्र दिसलं. “टीवी हाय काय गो बाय ह्यो?”

झालं. सासू बाहेर आली, दीर आला, शेजारचे आले. विलासरावांनी सगळ्यांना उपग्रह दाखवला, स्वतःचे ठोके दाखवले, आणि दिराला सायकलवर बसवून एक फेरी मारू दिली. आंबे चोखायला मिळाले, कोकमाचं सरबत मिळालं, वर पिशवीभर करवंदं. मला एकाने विचारलं, “तुमच्यात काय दिसतं?”

“वेग,” मी म्हणालो.

“आता किती हाय?”

“आता उभी आहे सायकल. शून्य.”

तो समजुतीने मान हलवून परत विलासरावांकडे गेला. रस्ता चुकायचा त्यांनी आणि आंबे मिळायचे तेही त्यांनाच.

पडवी

सरळगावला हमरस्ता लागला, मुरबाडला मिसळ खाल्ली आणि म्हशावरून पुढे गेलो तेव्हा सिद्धगडाचा तो उभा कडा समोर आला. दुपार टळून गेली होती. घराच्या पडवीत दादा उभे होते. दादा म्हणजे आमचे सासरे. शेती, दोन बैल, आणि कमी बोलणं. सासूबाईंनी आमच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. आमच्या घरी बहिणीचा नवरा आला तर आम्ही त्याला खुर्ची देतो आणि पंखा लावतो, संपलं. इथे जावई उंबऱ्याच्या आत येईपर्यंत घरातलं कुणी खाली बसत नाही. या बाबतीत दोन्ही जावयांना सारखं वागवलं जातं, पण पाणी आधी थोरल्याच्या पायांवर पडतं, हेही खरं.

चहा झाल्यावर अख्खी आळी पडवीत जमली. विलासरावांनी परत उपग्रह काढला. मी माझी सायकल खांबाला टेकवून खाली बसलो आणि करवंदं खात राहिलो.

दादा मात्र माझ्या सायकलपाशी येऊन उकिडवे बसले. वायरीवर बोट फिरवत ते वरपासून खालपर्यंत गेले.

“ह्ये कसं चालतं प्रमोदराव?”

माझं लक्ष विलासरावांभोवतीच्या गर्दीत होतं. जरा तुटकच बोललो मी. “ते चुंबक त्या डबीसमोरून फिरलं की चालतं. त्यांच्यासारखं नाही दादा. एकच चुंबक आहे. साधं आहे.”

“एकच हाय?”

“एकच.”

दादांनी चाक हाताने सावकाश फिरवलं. चुंबक डबीसमोरून गेलं, आकडा हलला. त्यांनी पुन्हा फिरवलं. मग उठून गोठ्याकडे गेले.

त्या पडवीत खुंटीशेजारच्या फळीवर दादांचा जुना रेडिओ असतो. तो बंद पडून कैक वर्षं झाली, पण दादा रोज सकाळी तो फडक्याने पुसतात. रंजना सांगते, तिच्या जन्माच्या साली भात चांगलं आलं, त्यातून तो घेतला होता. विलासरावांना तो ठाण्याच्या हॉलमध्ये ठेवायला हवा होता. एका दिवाळीला त्यांनी मागितलाही. ‘आसू दे तिथंच,’ एवढंच दादा म्हणाले होते. विलासरावांना नाही म्हणणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला, आणि तेव्हापासून तो मुका रेडिओ मला फार आवडतो.

धोंड्याचं जेवण

दुसऱ्या दिवशी सकाळपासून घरात पुरणाचा वास होता. अधिक महिना, त्यामुळे मटणाचं नाव नाही. पण वालाचं बिरडं होतं, कुरडया होत्या, आंब्याचा रस होता, आणि केळीच्या पानावर मधोमध ते गरम धोंडे. आम्ही दोघं पाटांवर शेजारी शेजारी. ओवाळून झालं, मग वाण. पितळेच्या डब्यात तेहतीस अनारसे, वर पेटता दिवा, सोबत कापड. सासूबाईंनी दोघांना एकाच ताग्यातला शर्टपीस आणला होता, भेदभाव नको म्हणून. विलासरावांनी तो खांद्यावर धरून दाखवला आणि सगळे म्हणाले, “काय शोभतो!” मीही धरला. मेहुणा म्हणाला, “भाऊजी, तुम्हाला थोडं कापड कमी पडेल बहुतेक.”

विलासरावांनी सात धोंडे खाल्ले. मी आठ खाल्ले. आठवा कशासाठी खाल्ला, हे पोटाने मला पुढचे चार तास विचारलं.

“घ्या ओ, अजून एक,” सासूबाईंचा आग्रह चालूच. “आमच्यात जावई उठतंवर वाढणारनीनं हात धुवायचा नाय.”

बिचाऱ्यांना आमच्यामुळे दुपारपर्यंत उपाशी राहावं लागलं. आमच्याकडे शहापुरात बायका हल्ली सोबतच बसतात, आणि मला तेच बरं वाटतं. रंजनाने तसं हळूच सुचवलंही. सासूबाई नुसत्या हसल्या आणि तुपाचं भांडं घेऊन परत माझ्या पानाशी आल्या.

सिद्धगडाखाली

ऊन उतरल्यावर विलासरावांना गडाच्या पायथ्यापर्यंत सायकल न्यायची होती. पोटात आठ धोंडे घेऊन चढावर सायकल मारणं म्हणजे काय, ते मी इथे लिहीत नाही. रस्ता जंगलातून जातो. अंजन, ऐन, आणि जांभळांचे सडे पडलेले, चाकं जांभळी झाली. वर बघितलं तर कडा इतका उंच की टोपी पडावी. तिथे दगडावर जांभळांची पाटी घेऊन एक म्हातारी बसली होती. तिने पळसाच्या पानांच्या द्रोणात आम्हाला जांभळं दिली, आणि दोघांच्या जिभा बघून पोट धरून हसली.

विलासरावांचं यंत्र म्हणालं, आज इतके मीटर चढलात. त्यांनी फोटो काढला, पण रेंज नव्हती. तो फोटो ग्रुपवर जात नाही हे बघून मला सिद्धगड जास्तच सुंदर दिसायला लागला.

“तुला काही म्हणायचंय का प्रमोद?” त्यांनी अचानक विचारलं. “दोन दिवस बघतोय, गप्प गप्प असतोस.”

“नाही. पोट जड आहे,” मी म्हणालो.

मुरबाड, परतताना

तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. वाण बायकांच्या गाडीत, आम्ही मोकळे. निघताना पडवीतली फळी रिकामी दिसली. रेडिओ पुसायला काढला असेल असं वाटलं. दादा अंगणात उभे होते. “सांबाळून,” ते मला म्हणाले. नेहमी ते दोघांकडे बघून म्हणतात. आज फक्त माझ्याकडे बघून म्हणाले.

गाव सोडलं आणि मी सहज मीटरकडे पाहिलं. छत्तीस.

छत्तीस! मी डोळे पुसले. सदतीस. रस्ता सपाट होता, उतार नव्हता, मी काही फार जोरही लावत नव्हतो. आता कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता की काहीतरी बिघडलंय. मी म्हणालो, वारा पाठीमागून असेल. मग म्हणालो, तुपाचा गुण असेल. तीन दिवसांच्या सायकलीने पाय उघडले असतील. जो माणूस सहा महिने दुसऱ्याचे आकडे बघत बसलाय, त्याला स्वतःचा आकडा पटवून घ्यायला फार कारणं लागत नाहीत.

“किती दाखवतंय तुझं?” विलासरावांनी बाजूला येऊन विचारलं.

“अडतीस.”

“कसं शक्य आहे? बरोबरीने चाललोय आपण. माझं एकोणीस म्हणतंय.”

“मग तुमचं चुकत असेल,” मी म्हणालो. “उपग्रह लांब असतो विलासराव. माझं चुंबक इथेच आहे.”

त्यांनी सायकल थांबवली. यंत्र बंद करून चालू केलं, आभाळाकडे पाहिलं, काच शर्टाला पुसली. विलासरावांना स्वतःच्या वस्तूकडे संशयाने बघताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. खरं सांगतो, आदल्या दिवशीच्या आठही धोंड्यांपेक्षा ते मला गोड लागलं. म्हशाला पोचता पोचता मी चालत्या मीटरचा फोटो ग्रुपवर टाकला: ‘आजचा वेग, अडतीस.’ जोडलेले हात आले. फटाके आले. रंजनाचे अंगठे आले, चार. मी ते दोनदा मोजले.

मुरबाडला एसटी स्टँडजवळच्या टपरीवर चहाला थांबलो. विलासराव चहात बिस्किट बुडवत होते.

“अंतर किती झालं तुझं?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी त्यांचं सांगितलं. माझं बरोबर दुप्पट होतं. वेगही दुप्पट, अंतरही दुप्पट. जरा कमी नाही, जरा जास्त नाही. प्रयोगशाळेत मुलांचं उत्तर बरोबर दुप्पट आलं की मी त्यांना एकच विचारतो, कुठे दोनदा मोजलंत? चहा खाली ठेवून मी सायकलपाशी गेलो आणि पुढचं चाक हळूहळू फिरवलं. चुंबक डबीसमोरून गेलं. अर्धा फेरा झाला, आणि आणखी एक काहीतरी डबीसमोरून गेलं.

समोरच्या बाजूच्या स्पोकवर, अगदी त्याच उंचीवर, एक काळा तुकडा होता. त्याच्यावर जुन्या ट्यूबची लाल पट्टी गुंडाळली होती, आणि वरून केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे दाट, एकसारखे वेढे होते. तसली तार स्पीकरच्या आत असते. चुंबकही तिथेच असतं. मला ती रिकामी फळी आठवली आणि मी तसाच खाली बसलो.

“काय झालं?” विलासराव येऊन वाकले.

मी दादांना फोन लावला. स्टँडवर गाड्यांचा आवाज होता, म्हणून स्पीकर चालू केला.

“पोचले काय?” दादांचा आवाज आला.

“मुरबाडला आहोत. दादा, ते चाकावरचं चुंबक...”

“दिसला काय तुमाला?” ते जरा लाजल्यासारखे हसले. “चालतंय ना बरोबर? वेग वाढला?”

मी विलासरावांकडे पाहिलं. ते माझ्या फोनकडे बघत होते.

“वाढला दादा. दुप्पट झाला.”

“मंग! तुमीच बोललाव, एकच हाय, साधा हाय. एकट्यानं त्यानं कुठवर वढायचा? म्हनून दुसरा लावला. समोरासमोर लावलाय, म्हंजी चाकाचा तोल जायचा नाय.”

“पण तो रेडिओ, दादा...”

“वाजत व्हता काय तो? आर्धाच तुकडा लागला, आर्धा ठेवलाय डब्यात. मगाशी हिनं फोटू दाखवला तुमचा. बरा वाटला.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “आनि थोरल्या जावयांना बोलू नका. त्यांच्याकडं हाय सगळं. उगा त्यांना वाईट वाटंल.”

फोन ठेवला. टपरीवाल्याने चहा गार झाल्याचं सांगितलं, दुसरा देऊ का म्हणून विचारलं. मी मान हलवली. त्या पडवीत सगळे ज्याच्याकडे बघत होते, त्याच्याकडे मीही बघत होतो. आणि माझ्याकडे कुणी बघत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

“मी तो फोटो काढून टाकतो ग्रुपवरून,” मी म्हणालो. “आकडा खोटा आहे.”

“राहू दे,” विलासराव म्हणाले. “दादा बघतात.”

ते बराच वेळ त्या तांब्याच्या वेढ्यांवर बोट फिरवत होते. मग त्यांनी स्वतःच्या चकचकीत चाकाकडे पाहिलं.

“माझ्या सायकलपाशी आलेच नाहीत का रे ते?” त्यांनी विचारलं.

“तुमच्याभोवती गर्दी होती,” मी म्हणालो.

सरळगावपर्यंत ते माझ्या मागे राहिले. असं कधी होत नाही. किन्हवलीच्या अलीकडे त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, “जरा तुझी चालवून बघू?” मी नाही कसं म्हणणार? आम्ही सायकली बदलल्या. त्यांची सायकल लोण्यासारखी पळत होती, समोर नकाशा होता, माझे ठोके... ते मात्र दिसत नव्हते, कारण पट्टा त्यांच्या छातीवर होता. जे सहा महिने हवं होतं ते सगळं हाताखाली होतं. आणि मी सगळा रस्ता पुढे माझ्याच सायकलकडे बघत होतो. विलासराव माझ्या मीटरवर मान वाकवून चालले होते, आणि दादांच्या चुंबकावर त्यांचे किलोमीटर चढत होते. मला ते बिलकुल आवडलं नाही. शहापूरच्या वेशीच्या आधीच मी माझी सायकल परत मागून घेतली.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. दुसरं चुंबक मी काढलेलं नाही. तानसाहून आलो की आकडा मनात निम्मा करतो आणि ग्रुपवर काही टाकत नाही. विलासरावांचे रविवारचे फोटोही बंद झालेत.

परवा मी ब्रेकचे रबर बदलायला गुरुनाथशेठच्या दुकानात बसलो होतो, तेव्हा विलासरावांचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. ज्योत्स्नाताईंची तब्येत, माझी साखर, पाऊस.

“श्रावणात परत गावाला जावं म्हणतोय,” ते म्हणाले. “सायकलनेच. दादांना बरं वाटेल.”

“जाऊ की.”

“बरं, ते तुझं वायरवालं मीटर, बेसिक... म्हणजे साधं. ते कुठल्या दुकानातून घेतलंस रे?”

डब्यातला तो उरलेला अर्धा तुकडा माझ्या डोळ्यांसमोर आला. शेठनी माझ्यापुढे चहाचा ग्लास ठेवला. त्यांच्या मागे काचेच्या कपाटात, माझ्यासारख्याच मीटरची चार खोकी ओळीने लावलेली होती.

“ते दुकान ना?” मी म्हणालो. “बंद झालं.”